ना गाव, ना कोड... तरीही लागतो फोन!

एक साधा प्रश्न. आपल्या शहराचा एस.टी.डी. कोड काय? हॉस्टेलच्या मेसमध्ये हा प्रश्न विचारला, तर निम्मी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघतील आणि उरलेली मोबाइल काढून शोधायला लागतील. उत्तर आहे ०२४०. शहराचं नाव २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण टेलिफोन एक्स्चेंजच्या लेखी आपण तेव्हाही ०२४० होतो आणि आजही ०२४०च आहोत.

आता दुसरा प्रश्न, जरा कठीण. रात्रीचे दोन वाजलेत. नगर नाक्यावर तुमच्या मित्राच्या गाडीला धडक बसली आहे. तो शुद्धीवर आहे, पण पायातून रक्त थांबत नाही. फोन तुमच्या हातात आहे. कोणता नंबर लावाल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्याचं मात्र यायलाच हवं. गंमत अशी, की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं व्हावं म्हणूनच जगभरच्या इंजिनिअर लोकांनी पहिला प्रश्न कायमचा निकालात काढला. म्हणजे असे नंबर तयार केले ज्यांना गावच नाही, कोडच नाही! १०८, ११२, १०९८, १८००... या बिनगावाच्या नंबरांची ही गोष्ट.

नंबरलाही गाव असतं

पूर्वी लँडलाइनचा नंबर म्हणजे एक पत्ताच असायचा. ०२२ म्हटलं की मुंबई, ०२० म्हटलं की पुणे, ०२४० म्हटलं की आपण. कोडच्या पुढचे आकडे शहरातलं एक्स्चेंज सांगायचे आणि शेवटचे आकडे त्या एक्स्चेंजमधली तुमची जोडणी. एक-एक आकडा फिरवला की फोन एक-एक पायरी उतरत त्या घरापर्यंत पोहोचायचा.

ही पद्धत नातेवाइकांना फोन करायला उत्तम. काकांचं गाव आपल्याला माहीत असतं. पण संकट सांगून येत नाही आणि हद्द बघूनही येत नाही. आपल्या छावणीचंच उदाहरण घ्या. शहरातून खाम नदी ओलांडून इकडे आलं की रस्ता तोच, माणसं तीच, पण कारभार वेगळा. शहर महानगरपालिकेचं, तर छावणीचा कारभार वर्षानुवर्षं छावणी परिषदेकडे, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या कटक मंडळाकडे राहिला. इथल्या जुन्या रहिवाशांना कोणत्या तक्रारीसाठी कोणतं दार वाजवायचं ते पाठ असतं. पण नांदेडहून, जळगावहून, लातूरहून आलेल्या आपल्यासारख्या पोरापोरींना ते कुठून ठाऊक असणार? गुरुवारच्या बाजाराच्या गर्दीत एखादी आजी चक्कर येऊन पडली, तर 'ही हद्द कुणाची' हा प्रश्न विचारत बसायचं का?

अशा वेळी जो माणूस घाबरलेला आहे, त्याच्यावर तीन ओझी असतात. एक, कुणाला फोन करायचा हे माहीत असणं. दोन, तो नंबर आठवणं. तीन, फोनला पैसे असणं. बिनगावाच्या नंबरांनी ही तिन्ही ओझी फोन करणाऱ्याच्या डोक्यावरून उचलली आणि यंत्रणेच्या डोक्यावर ठेवली. माझ्या मते या नंबरांचं खरं मोठेपण यातच आहे.

सुरुवात कुठून झाली?

१९३५ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली आणि पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलासाठी फोन लावला होता, पण तो एक्स्चेंजच्या रांगेतच अडकला. ऑपरेटरला कळणार तरी कसं, की इतक्या फोनमधला हा आगीचा आहे? त्यावर बराच गदारोळ झाला आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा नंबर सुरू झाला. हा नंबर फिरवला की ऑपरेटरच्या समोर वेगळा इशारा व्हायचा. अमेरिकेतला पहिला ९११ चा फोन लागला १६ फेब्रुवारी १९६८ ला, अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल नावाच्या छोट्याशा गावात.

आपल्याकडे १००, १०१ आणि १०२ हे नंबर अनुक्रमे पोलीस, आग आणि रुग्णवाहिकेसाठी रूढ झाले. आपल्या देशाच्या नंबर योजनेत '१' ने सुरू होणारे नंबर खास सेवांसाठी राखून ठेवलेले आहेत. तुमच्या-आमच्या घरच्या लँडलाइनचा नंबर कधी १ ने सुरू होत नाही. त्यामुळे पहिला आकडा १ आला, की एक्स्चेंजला लगेच समजतं, 'हा फोन साधा नाही, याची वाट वेगळी आहे.'

पडद्यामागचं इंजिनिअरिंग

आता थोडं सिलॅबसमधलं! घाबरू नका, परीक्षेला येणार नाही. (ई. अँड टी.सी. वाल्यांना कदाचित येईल.)

समजा, हॉस्टेलच्या गेटवर कुणी आलं आणि म्हणालं, "दिवे गेलेत, इलेक्ट्रिशियनला बोलवा." येणाऱ्याला इलेक्ट्रिशियनचं नाव माहीत नाही, खोली माहीत नाही. वॉचमन काका रजिस्टर उघडतात, आज ड्यूटी कुणाची ते बघतात आणि त्याच्याकडे पाठवतात. दिवसा एक माणूस, रात्री दुसरा. एक रजेवर असेल तर तिसरा. येणाऱ्याला मात्र एकच गोष्ट माहीत असावी लागते : गेट.

१८०० चा नंबर म्हणजे असंच गेट. तुम्ही १८०० ने सुरू होणारा नंबर डायल केला, की तुमचं एक्स्चेंज फोन पुढे ढकलत नाही, क्षणभर थांबतं. ते एका मध्यवर्ती डेटाबेसला विचारतं, 'बाबा रे, या नंबरचा खरा पत्ता काय?' डेटाबेस बघतो की फोन कोणत्या भागातून आला, आत्ता किती वाजलेत, कोणतं केंद्र चालू आहे, आणि मग एक खराखुरा नंबर परत पाठवतो. त्या नंबरवर फोन जोडला जातो. हे सगळं रिंग वाजायच्या आत! या व्यवस्थेला इंटेलिजंट नेटवर्क म्हणतात. एक्स्चेंज आणि डेटाबेस यांच्यातली ही कुजबुज बोलण्याच्या लाइनवरून होत नाही, तिच्यासाठी सिग्नलिंगची वेगळी लाइन असते. बिल लिहिताना करणाऱ्याच्या नावापुढे शून्य आणि घेणाऱ्याच्या नावापुढे रक्कम.

याची सुरुवात अमेरिकेत ए.टी. अँड टी. कंपनीने १९६७ मध्ये ८०० नंबरांनी केली. तेव्हा डेटाबेस वगैरे काही नव्हतं. बेल लॅब्जमधल्या रॉय वेबर यांनी नंबर आणि पत्ता यांची अशी फारकत करण्याची युक्ती काढली. १९८० मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत ती प्रत्यक्षात आली. गोष्ट किती साधी आहे बघा. नंबर म्हणजे पत्ता नाही, नंबर म्हणजे नुसतं नाव! वेबसाइटचं नाव आणि तिचा आय.पी. ॲड्रेस यांचं जे नातं आहे, तेच इथे.

आपल्याकडे सुरुवातीला एक अडचण होती. एका कंपनीने दिलेला फुकट नंबर दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून लागेलच असं नसायचं. म्हणजे गेट आहे, पण ठरावीक गल्लीतून आलात तरच उघडणार! २००६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, यासाठी खास नियम केले आणि कंपन्यांनी एकमेकांच्या ग्राहकांना या सेवा खुल्या करण्याचा मार्ग मोकळा केला.

तीन-चार आकडी नंबरांचं थोडं वेगळं. १०८ डायल केलं की तुमचं नेटवर्क तुम्ही कोणत्या भागातल्या टॉवरला जोडलेले आहात ते बघतं आणि त्या राज्याच्या केंद्राकडे फोन वळवतं. म्हणूनच तोच १०८ आपल्याकडून लावला तर महाराष्ट्राचं केंद्र उचलतं आणि हैदराबादहून लावला तर तेलंगणाचं.

मोबाइलवर रेंज नसताना 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' असं लिहून येतं, ते कधी वाचलंय का? त्याचा अर्थ असा, की तुमच्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कुणाची तरी आहे आणि आणीबाणीचा फोन त्या परक्या नेटवर्कवरून जाऊ शकतो. ११२ हा नंबर मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय मानकातच बसवलेला आहे.

सगळेच नंबर फुकट नसतात!

इथे एक सावधगिरीची सूचना. १८०० म्हणजे टोल-फ्री, तुम्हाला पैसे नाहीत. पण १८६० ने सुरू होणारा नंबर टोल-फ्री नसतो. त्यालाही गाव नाही, तोही देशात कुठूनही लागतो, पण फोन करणाऱ्याला पैसे पडू शकतात. दिसायला दोघे जुळे भाऊ, खिशाच्या बाबतीत मात्र वेगळे.

तुम्ही म्हणाल, आता सगळ्यांकडे अनलिमिटेड कॉलिंग आहे, काय फरक पडतो? पडतो. प्रत्येक पॅकमध्ये अशा नंबरांचा समावेश असेलच असं नाही. आणि ज्याचा रिचार्ज संपलाय त्याचं काय? सेवाभावी संस्थेला फोन करणारा माणूस बहुतेक वेळा अशाच अवस्थेत असतो.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये सरकारी कार्यालयं, दवाखाने आणि धर्मादाय संस्था सर्रास ०८४ आणि ०८७ चे महागडे नंबर वापरायच्या. त्यातल्या काही नंबरांवर तर फोन जितका लांबेल तितका त्यातला वाटा फोन घेणाऱ्याला मिळायचा. म्हणजे मदत मागणाऱ्याला जितका वेळ थांबवून ठेवाल तितकी कमाई! यावर उपाय म्हणून २००७ मध्ये तिथे ०३ ची मालिका आणली गेली. त्यातले ०३०० सारखे नंबर खास सार्वजनिक आणि धर्मादाय संस्थांसाठी ठेवले. नियम दोनच : साध्या लँडलाइनला जेवढे पैसे पडतात तेवढेच पडतील आणि घेणाऱ्याला त्यात वाटा मिळणार नाही. त्याच वर्षी युरोपीय संघाने ११६ ची मालिका ठरवली. तिथे ११६१११ म्हणजे मुलांची हेल्पलाइन आणि ११६१२३ म्हणजे मन मोकळं करण्यासाठीची.

दहा-नऊ-आठ

मुलांच्या हेल्पलाइनची गोष्ट निघाली की आपल्याला कॉलर ताठ करता येते, कारण ती मुंबईत घडली.

जेरू बिलिमोरिया या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवायच्या. रेल्वे स्टेशनवर राहणाऱ्या मुलांमध्ये त्यांचं काम होतं. 'अडचण आली तर फोन करा' म्हणून त्यांनी मुलांना आपल्या घरचा नंबर दिला आणि मग रात्री-अपरात्री फोन यायला लागले. कुणाला मारलंय, कुणाला ताप भरलाय, कुणी पकडून नेलंय. एका घरचा फोन किती मुलांना पुरणार? त्यातून १९९६ मध्ये मुंबईत चाइल्डलाइन सुरू झाली. नंबर १०९८.

हाच नंबर का? हिंदीत म्हणून बघा : दस-नौ-आठ! उलटी मोजणी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या मुलालाही लक्षात राहणारी. मराठीत दहा-नऊ-आठ, तेवढंच सोपं. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना एकोणसाठ आणि एकोणसत्तर ऐकलं की आजही बोटं मोजावी लागतात, तिथे फलाटावरच्या पोराने दहा आकड्यांचा नंबर कसा पाठ करायचा? शिवाय फोन फुकट. त्या काळी मोबाइल फारसे नव्हते, पिवळ्या पी.सी.ओ. चे दिवस होते आणि मुलाच्या खिशात रुपया असेलच याची खात्री नव्हती.

चाइल्डलाइनची आणखी एक गोष्ट मला फार भावली. फोन आला आणि पलीकडून कुणी बोललंच नाही, तर आपण 'ब्लँक कॉल' म्हणून चिडून ठेवून देतो. चाइल्डलाइनचे लोक असे फोन वेगळे नोंदवायचे आणि पलीकडच्या शांततेशी हळुवार बोलत राहायचे. कारण घाबरलेलं मूल पहिल्याच फोनमध्ये बोलेल असं नसतं. ते आधी आवाज पारखतं.

१९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन उभं राहिलं आणि सेवा देशभर पसरली. २००३ मध्ये बिलिमोरिया यांनीच चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल ही जागतिक संस्था सुरू केली. पुढे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 'मिशन वात्सल्य'खाली १०९८ ची सेवा राज्य सरकारांकडे सोपवली आणि ती ११२ शी जोडली. संस्थांनी वाढवलेला नंबर सरकारचा झाला. यंत्रणा मोठी झाली, पोलिसांची मदत जवळ आली. पण शांत फोनवरही बोलत राहणारा तो आवाज टिकला पाहिजे, असं मात्र मनापासून वाटतं.

फोन लावला छावणीतून, उचलला कुठे?

आता नगर नाक्यावरच्या त्या रात्रीकडे येऊ. १०८ ची सेवा सर्वप्रथम २००५ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सुरू झाली. महाराष्ट्रात ती आली २०१४ च्या जानेवारीत. सुरुवातीला ९३७ रुग्णवाहिका होत्या आणि राज्यभरचे फोन घेणारं केंद्र उभारलं गेलं पुण्यात, औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारात. ११२ महाराष्ट्रात २०२१ मध्ये सुरू झाला. त्याची केंद्रं नवी मुंबई आणि नागपूरला उभी राहिली.

लक्षात आलं का? नंबरला गाव नसतं, पण फोन उचलणाऱ्याला असतं! तुम्ही छावणीतून बोलताय आणि ऐकणारी व्यक्ती कदाचित शेकडो किलोमीटर लांब बसली आहे. तिला आपला लोखंडी पूल माहीत नाही, 'चहाच्या टपरीसमोर' म्हटलेलं कळत नाही. आणि नुसतं 'छावणीतून बोलतोय' म्हणालात तर आणखीच पंचाईत. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, कामठी आणि आपण, अशी सात कटक मंडळं. शिवाय मालेगावातही छावणी नावाचं पोलीस ठाणं आहे!

म्हणून फोन लागला की क्रम पाठ ठेवा : आधी जिल्हा, मग शहर, मग भाग, मग मोठी खूण. 'जिल्हा छत्रपती संभाजीनगर, शहरातच, छावणी भाग, नगर नाका चौक.' मग काय झालंय, किती जण जखमी आहेत, शुद्धीवर आहेत का. प्रश्न विचारतात म्हणून चिडू नका. ती व्यक्ती ऐकता ऐकता टाइप करत असते, त्याचवेळी रुग्णवाहिका शोधली जात असते. आणि फोन झाल्यावर तोच मोबाइल मोकळा ठेवा. चारचौघांना बातमी द्यायला दुसरा मोबाइल वापरा, कारण ड्रायव्हर तुम्हालाच फोन करणार आहे.

एक उपयोगी युक्ती. २०१६ च्या नियमांनुसार भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलला 'पॅनिक बटन' असणं सक्तीचं झालं. स्मार्टफोनवर पॉवर बटन झटपट तीनदा दाबलं, किंवा साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटन दाबून धरलं, की आणीबाणीचा फोन लागावा अशी ती सोय. काही मोबाइलमध्ये दाबण्याची पद्धत थोडी वेगळी असते. आपल्या फोनची सेटिंग आजच बघून ठेवा. (नुसती बघा, ट्रायल घेऊ नका!)

हॉस्टेलच्या भिंतीवर हवेत असे तीन नंबर

पहिला, १८००-१८०-५५२२. राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइन. २००९ च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले, त्याच वर्षी जूनमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम काढले आणि ही हेल्पलाइन सुरू झाली. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा तर १९९९ पासूनच आहे. मग वेगळा नंबर कशाला? विचार करा. फर्स्ट इयरचा मुलगा, समोर सिनिअर, सगळे एकाच मेसमध्ये जेवणारे, रेक्टरच्या खोलीकडे जाताना चार जण बघणार. गावातल्या दाराकडे जायला तो घाबरतो, म्हणून त्याला बिनगावाचं दार हवं. इथे 'भौगोलिक नसणं' ही तांत्रिक सोय राहत नाही, ती सुरक्षितता बनते.

दुसरा, १४४१६. टेली मानस. जागतिक मानसिक आरोग्य दिनी, १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने ही सेवा सुरू केली. बंगळुरूची निमहान्स ही तिची प्रमुख संस्था. फोन फुकट, चोवीस तास आणि मराठीतही बोलता येतं. याआधी अशा सेवा होत्या, पण बऱ्याच संस्थांचे नंबर एकेका शहराचे. नवी मुंबईच्या 'आसरा' या संस्थेचा नंबर अनेक वर्षं ०२२ चा लँडलाइन होता. एस.टी.डी. च्या काळात मराठवाड्यातल्या मुलाने मन मोकळं करायला मीटर बघत बोलायचं! के.टी. लागली, घरून पैसे आले नाहीत, ब्रेकअप झालं, किंवा कारण सांगता येत नाही पण झोपच येत नाही... १४४१६ ला फोन करायला 'वेड' लागावं लागत नाही. ताप आल्यावर डॉक्टरकडे जातो तितकंच हे साधं आहे.

तिसरा, १९३०. सायबर फसवणुकीसाठी. २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा हा नंबर १५५२६० होता. सहा आकडे कुणाच्या लक्षात राहणार? २०२२ मध्ये तो १९३० झाला. यू.पी.आय. वरून पैसे गेले, की पहिलं काम पोलीस ठाण्याचा रस्ता शोधणं नव्हे, १९३० लावणं. तिथली तक्रार थेट बँकांपर्यंत जाते आणि पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवण्याचा प्रयत्न होतो. पैसा खात्यातून खात्यात काही मिनिटांत पळतो, म्हणून 'उद्या बघू' चालत नाही.

याशिवाय वीज गेली तर १९१२, रेल्वेसाठी १३९, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, संकटातल्या महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. शेवटचे दोन आपल्यापेक्षा गावाकडच्या आजी-आजोबांना जास्त उपयोगी. सुट्टीत घरी गेलात की त्यांच्या फोनमध्ये टाकून या.

नाण्याची दुसरी बाजू

सगळं गोड नाही. पहिली गोष्ट, नंबर इतके झाले की लक्षात ठेवायचं ओझं परत आपल्याच डोक्यावर आलं. ११२ आणला तो यासाठीच, की पोलीस, आग, रुग्णवाहिका यांचं एकच दार असावं. तेव्हा बाकी काही आठवलं नाही तरी ११२ विसरू नका.

दुसरी, ज्या नंबरला गाव नाही, त्याचा खरेपणा गावावरून ओळखता येत नाही. इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधलं की भामट्यांनी टाकलेले नंबर पुढे येतात. बँकेचा नंबर नेहमी कार्डाच्या मागून किंवा पासबुकवरून घ्या. हेही लक्षात ठेवा, की १८०० हे फोन घेण्याचे नंबर आहेत. त्यावरून तुम्हालाच फोन आला आणि कुणी ओ.टी.पी. मागितला, तर गडबड समजा. दूरसंचार विभागाने २०२४ मध्ये सरकारी कार्यालयं आणि बँका-विमा कंपन्यांच्या सेवाविषयक फोनसाठी १६० ची मालिका ठरवली. जाहिरातीच्या फोनसाठी १४० आहे. म्हणजे आता नंबरचं गाव नाही, पण त्याची जात... छे, त्याचा धंदा तरी पहिल्या तीन आकड्यांवरून ओळखता येतो!

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. नंबर हे फक्त दार आहे. दार कितीही सोपं केलं, तरी आत माणूस जागा हवा, रुग्णवाहिकेत डिझेल हवं, घाटी रुग्णालयात खाट मिळायला हवी. 'मराठीसाठी दोन दाबा' म्हणत पाच मिनिटं फिरवणारा टोल-फ्री नंबर काय कामाचा? आणि आपणही त्या दारावर उगाच टिचक्या मारू नयेत. वाढदिवसाच्या रात्री गंमत म्हणून १०० किंवा ११२ लावणारे महाभाग हॉस्टेलमध्ये असतात. त्या दोन मिनिटांत त्या खुर्चीवरचा माणूस ज्याचा फोन घेऊ शकला नाही, तो कदाचित नगर नाक्यावर मित्राचा पाय धरून बसलेला असेल.

तहान लागल्यावर विहीर खणायची ही आपली जुनी सवय. इथे तर विहीर दुसऱ्यांनी खणून ठेवली आहे. पोहरा तेवढा आपण बांधायचा! तेव्हा रेक्टर सर-मॅडमना विनंती : प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी ११२, १०८, १८००-१८०-५५२२, १४४१६ आणि १९३० हे पाच नंबर ठळक अक्षरांत लावा, आणि त्यांच्याखाली आपल्या हॉस्टेलचा पूर्ण पत्ता, जिल्ह्यासकट. कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्तासुद्धा आठवत नाही. आणि मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला विनंती एवढीच : हा अंक मिटण्याआधी मोबाइल उघडा आणि हे पाच नंबर सेव्ह करा. देव करो, त्यातला एकही लावायची वेळ तुमच्यावर न येवो!

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन